चौसष्ट कोअर आणि कुर्ल्याची पट्टी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदीच्या पुराचं आमचं मॉडेल तपासायला आम्ही तोच पाऊस देतो. एके दिवशी नव्या ६४ कोअरच्या, म्हणजे एकाच वेळी ६४ ठिकाणी हिशेब करणाऱ्या, मशीनवर पहिल्यांदा रन लावला. जुन्या १६ कोअरच्या मशीनपेक्षा निम्माही वेळ वाचेना.

"मॅडम, सगळे कोअर शंभर टक्के बिझी दिसतायत. मशीनच कमी पडतंय," सोबतचा इंजिनियर म्हणाला. मला ते पटलं नाही. बॅरियरपाशी, म्हणजे सगळे पोचेपर्यंत थांबायच्या जागी, थांबलेला थ्रेडही (एका कोअरवर चालणारा कामाचा धागा) बरेचदा जागच्या जागी फिरत राहतो आणि पडद्यावर शंभर टक्केच दिसतो. वेळ कुठे जातो ते मोजणारा प्रोफायलर लावला, तर बहुतेक थ्रेड नुसते वाट बघत होते.

कारण नकाशातच होतं. पाणलोट क्षेत्राच्या नकाशावर छोटी चौकोनी घरं आखून त्याच्या ६४ सारख्या पट्ट्या केल्या होत्या, प्रत्येक थ्रेडला एक. कोरडी घरं कोड लगेच सोडून देतो, सगळी आकडेमोड पाण्याखालच्या घरांची. डोंगरउताराची पट्टी पटकन उरकायची, कुर्ला-कलिनाची रेंगाळायची आणि बाकीचे तिच्यासाठी ताटकळायचे. टाइमस्टेप, म्हणजे मॉडेल एका वेळी जेवढं पुढे सरकतं तो काळ, एक सेकंदाचा धरला तरी दिवसाच्या पुराला ८६,४०० वेळा हे थांबणं आलं!

मग इंजिनियरने दुसरं टोक गाठलं: प्रत्येक घर स्वतंत्र काम. रन आणखी मंदावला. पुढचं काम उचलायला सगळे थ्रेड एकाच काउंटरवर तुटून पडले, रेशनच्या दुकानासारखे. शिवाय कोअरजवळच्या जलद मेमरीत डेटा ६४ बाइटच्या तुकड्यांनी, म्हणजे कॅश लाइनने, ये-जा करतो आणि एका लाइनमध्ये शेजारच्या आठ घरांचे आठ-आठ बाइटचे आकडे बसतात. त्यांत वेगवेगळे कोअर लिहू लागले की ती लाइन सारखी इकडून तिकडे पळते. हिशेबापेक्षा ही ने-आणच महाग.

शेवटी घरांच्या काही ओळींचा एक तुकडा ठरवला आणि मोकळा होईल त्या थ्रेडने पुढचा तुकडा उचलायचा, असं केलं. तुकडा किती मोठा, हे पुस्तकात मिळत नाही, मोजूनच ठरवावं लागतं. संध्याकाळपर्यंत आम्ही तेच केलं आणि वेळ भराभर खाली आला.

तरी प्रत्येक स्टेपला सगळ्या घरांतून सर्वांत लहान टाइमस्टेप शोधावा लागतो, तिथे सगळ्यांना एकत्र यावंच लागतं. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला मुद्दा इथे आडवा येतो: ५ टक्के काम एकामागून एकच होणार असेल, तर कितीही कोअर लावा, वेग २० पटींपलीकडे जात नाही. म्हणून १२८ कोअरच्या मशीनचं कोटेशन मी बाजूला ठेवायला लावलं. आधी हा शोध किती स्टेपनंतर घेतला तर चालेल, ते तपासतोय.