पोपटपंची नव्हे

"मी म्हणते तसंच म्हण हं." मुलांची भाषा तपासायची ही माझी एक चाचणी: मी वाक्य म्हणायचं, मुलाने ते तसंच परत म्हणायचं. टेबलापलीकडची पाच वर्षांची मुलं याला खेळ समजतात आणि आईवडील पाठांतर. "अहो, याची अख्खी गाणी पाठ आहेत!" हे परवाही एका मुलाच्या बाबांकडून ऐकलं.

गाणं पाठ असणं वेगळं. कधी न ऐकलेलं लांब वाक्य मूल जसंच्या तसं साठवू शकत नाही. ते अर्थ धरून ठेवतं आणि वाक्य स्वतःच्या व्याकरणाने पुन्हा बांधतं. जिथे व्याकरण कच्चं, तिथेच बांधकाम ढासळतं.

परवाच्या त्या मुलाला मी म्हटलं, "ज्या मुलीने मांजर पकडलं ती पळाली." तो क्षणभर छताकडे बघत राहिला. मग, "मुलगी मांजर पकडली आणि पळाली." गोष्ट शाबूत. पण 'ज्या... ती' गेलं, 'ने' गळला, आणि क्रियापद मांजराला सोडून मुलीमागे गेलं! चार सेकंदांत माझं अर्धं पान भरलं.

2001 साली इंग्रजी बोलणाऱ्या 11 वर्षांच्या मुलांच्या एका अभ्यासात भाषेची अडचण ओळखायला हीच चाचणी सर्वांत उपयोगी ठरली होती. तरी एवढ्यावर मी निदान लिहीत नाही. आधी कान तपासायचे. घरच्या बोलीतलं रूप आलं तर ती चूक नव्हेच.

बाबांचा चेहरा अजून साशंक होता. त्यांना मी एक लांबलचक वाक्य दिलं. त्यांनी दोन शब्द बदलले, एक गाळला, पण व्याकरण चोख. मग स्वतःच हसले.