व्हिटॅमिन डी ची टेस्ट आणि लॅबने केलेला घोळ: माझा अनुभव

व्हिटॅमिन डी ची टेस्ट करायला जाणार असाल तर आधी हे वाचा, कारण गोळ्या-पावडर घेणं सोपंय, ती अंगी लागली की नाही हे कळण्यातच माझा सगळा जीव गेला.

सुरुवात पटकन सांगते. टाचा आणि मांड्या दुखायच्या, जिना चढताना पाय भरून यायचे, डॉक्टरांनी टेस्ट सांगितली आणि लेव्हल 9 आली (मिलिलीटरला 9 नॅनोग्रॅम). 20 च्या खाली म्हणजे कमतरता. मग 60,000 युनिटचं सॅशे आठवड्यातून एकदा, असे 8 आठवडे. आठवड्यातून एकदा म्हणजे एकदाच हां, काही जण ते रोज घेतात, त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कोर्स संपल्यावर डॉक्टर म्हणाले लगेच टेस्ट नको, सुरू केल्यापासून 3 महिन्यांनी करा, तोवर लेव्हल स्थिर होते.

तर 3 महिन्यांनी मी घराजवळच्या लॅबमधे गेले. चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलेलं, 25 हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमधे व्हिटॅमिन डी टाकलं, यादीत दोन नावं आली, तिने दुसरंच निवडलं. बिल पहिल्या वेळेपेक्षा बरंच जास्त, मी विचारलं तर म्हणे हीच डी ची टेस्ट आहे मॅडम. रिपोर्टही लवकर येईना, सँपल मुंबईला मेन लॅबला जातं म्हणे. रोज फोन केला की "आज संध्याकाळपर्यंत". शेवटी आला, त्यावर नॉर्मल. घरात सगळे खूष, पण माझे पाय तर अजून दुखत होते.

डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेतला आणि पहिल्यांदा युनिट बघितलं. नॅनोग्रॅमच्या जागी पिकोग्रॅम. म्हणाले ही ती टेस्टच नाही, ही 1,25 डायहायड्रॉक्सी आहे. मग त्यांनी नीट समजावलं, ते मला फार आवडलं म्हणून लिहिते. आपण पोटात घेतलेलं डी लिव्हरमधे जाऊन 25 हायड्रॉक्सी होतं, तो शरीरातला साठा, रक्तात तो निम्मा व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. त्यातलं लागेल तेवढं किडनी 1,25 मधे बदलते, ते कामाचं रूप, पण रक्तात काही तासच टिकतं. आणि साठा कमी पडला की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन वाढतं, ते किडनीला जोर लावायला लावतं, त्यामुळे साठा रिकामा असतानाही 1,25 नॉर्मल, कधी कधी जास्तसुद्धा दिसतं. म्हणजे हा नॉर्मल रिपोर्ट बघून मी औषध बंद केलं असतं तर? विचार करूनच राग येतो.

परत लॅबमधे. काउंटरवर तीच मुलगी, म्हणे चिठ्ठीवर क्लिअर नव्हतं. मी मोबाइलमधला चिठ्ठीचा फोटो दाखवला. मग म्हणे सर जेवायला गेलेत. सर आले, म्हणाले टेस्ट झाली म्हणजे पैसे लागणारच, तुम्ही हेड ऑफिसला ईमेल करा. ईमेलला उत्तर आलं की ब्रँचमधे भेटा! मी म्हटलं निदान त्याच रक्तावर बरोबर टेस्ट करा, तर ते सँपल टाकून दिलेलं. शेवटी मी पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांना भेटल्याशिवाय उठणार नाही म्हणून बसून राहिले. मॅडम आल्या, चिठ्ठी बघितली, रिपोर्ट बघितला, तिथल्या तिथे नवीन सँपल घ्यायला लावलं, एक पैसा घेतला नाही, वरचे पैसेही परत द्यायला सांगितले. पाच मिनिटांचं काम होतं हो! म्हणून सांगते, काउंटरशी वाद घालत बसू नका, सरळ पॅथॉलॉजिस्टना भेटायचंय म्हणा. आणि बिल भरायच्या आधी त्यावर 25 हायड्रॉक्सी लिहिलंय का ते वाचा.

खरी लेव्हल 24 आली. वाढली होती, पण डॉक्टरांना 30 च्या वर हवी होती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, सॅशे कशाबरोबर घेता? मेडिकलवाल्याने सकाळी उपाशीपोटी सांगितलेलं. डी चरबीत विरघळतं, जेवणात तूप-तेल असलं की पित्त सुटतं आणि ते आतड्यातून नीट शोषलं जातं. क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी 2010 मधे हेच बघितलं होतं, दिवसातल्या सगळ्यात मोठ्या जेवणाबरोबर गोळी घ्यायला लावली तर लेव्हल सरासरी 50 टक्क्यांच्या आसपास वाढली. मी आता दुपारच्या वरण-भात-तुपानंतर घेते.

दुधाचं पण विचारलं, कारण आमच्याकडे पिशवीवर +एफ असलेलं, म्हणजे वरून व्हिटॅमिन घातलेलं फोर्टिफाइड दूध येतं आणि सासूबाई म्हणायच्या त्यात आहे की डी. आहे, आणि ते शोषलंही जातं, बोस्टनमधे तर 2003 साली डी घातलेल्या संत्र्याच्या रसातूनसुद्धा लेव्हल छान वाढलेली दिसली, त्यात तर चरबी नसते. पण आपल्याकडे फोर्टिफाइड दुधात लिटरला 200 ते 300 युनिट असतात, म्हणजे एका ग्लासात 50 ते 75, आणि मोठ्या माणसाची रोजची गरज 600. त्या रसात एका ग्लासात 1000 घातले होते. त्यामुळे दूध चालू ठेवा, पण कमतरता असेल तर त्याच्या भरवशावर औषध सोडू नका. आणि बंद खिडकीतलं ऊन धरू नका, अंगात डी तयार व्हायला लागणारे किरण काचेतून येतच नाहीत.

पुढच्या टेस्टला 36 आली, जिना आता न थांबता चढते.

हो, एक राहिलंच. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर टेस्टच्या आधी डॉक्टरांना सांगा, काही मशीनवर त्याने डी ची लेव्हल खोटी जास्त दिसते. मला हे त्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी विचारलं, काउंटरवर कोणीच विचारलं नव्हतं.