दुसरी खेप

माझ्या वर्गातला एक मुलगा मागच्या दिवाळीनंतर बोलायचाच बंद झाला. नाव लिहीत नाही. तेव्हा तिसरीत होता, आता चौथीत आहे. आमची शाळा बालाघाटच्या डोंगरातली, जिल्हा परिषदेची, पट ३४, आणि त्यातल्या वीसेक मुलांचे आईबाप दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात ते कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. मागे राहिलेली लेकरं आजी-आजोबांकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात. त्यांच्या जेवणाची चौकशी होते, हजेरीची होते, मनात काय चाललंय ते कोणी विचारत नाही, पंधरा वर्षं नोकरी करून मीपण कधी नीट विचारलं नव्हतं.

झालं असं की आधीच्या हंगामात तो आईबापासोबत उसाच्या फडावर होता आणि तिथं त्याचा चुलतभाऊ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली आला, ह्याच्या डोळ्यासमोर. गावात परतल्यावर सगळे म्हणाले लहान आहे, विसरेल. जूनमध्ये शाळेत आला तेव्हा गप्प गप्पच असायचा, पण विचारलं तर मान हलवायचा, पाढे लिहून दाखवायचा. मग दिवाळीनंतर आईबाप पुन्हा गेले, ह्याला आज्जीकडे ठेवलं, आणि त्या दिवसापासून तोंडातून शब्द नाही. रात्री अंथरूण ओलं. रस्त्याने ट्रॅक्टर गेला की हा माझ्या टेबलाखाली, टेबलाचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून, आणि ट्रॅक्टर पार शिवारात जाऊन आवाज विरला तरी बोटं सुटायची नाहीत, एकेक बोट मला हळूहळू सोडवायला लागायचं.

शाळेत वर्षातून एकदा आरोग्य तपासणीची गाडी येते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, २०१३ मध्ये त्याची सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली होती. त्यांच्या यादीत वागणुकीच्या, शिकण्याच्या अडचणीपण आहेत. पण गाडी आली होती जुलैमध्ये, तेव्हा हा मान हलवत होता, वजन घेतलं, दात बघितले, डोळे बघितले, झालं. डॉक्टरांना तरी काय दिसणार एवढ्यात?

डिसेंबरमध्ये मी आणि आज्जी त्याला घेऊन जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. फाट्यावरून सव्वासहाची एसटी, तालुक्याला गाडी बदलायची, पोचेपर्यंत दहा. तिकिटाचं म्हणाल तर त्याचं अर्धं आणि २०२३ पासून बायकांचंही अर्धं, त्यामुळे तिकिटाने आज्जी अडत नाही. अडते ती रोजाने. कापूस वेचणीचे दिवस होते, किलोवर पैसे. आज्जी गाडीत मला म्हणाली, "बाई, एक दिस घरी बसलं की तेल-मीठ उधार आणावं लागतंय."

केस पेपर काढून बसलो. दारूच्या व्यसनाचे पेशंट, झोप न येणारे म्हातारे, सर्टिफिकेटसाठी आलेले आणि हे नऊ वर्षांचं लेकरू, सगळे एकाच रांगेत. दीड वाजता नंबर लागला. डॉक्टर चांगले होते, मी मनापासून सांगते, त्यांनी त्याच्याकडे बघून आधी स्वतःचं पेन त्याच्या हातात दिलं आणि कागद पुढे सरकवला, मग आमच्याशी बोलले. म्हणाले ह्याला गोळीपेक्षा कोणीतरी नियमित सोबत बसायला पाहिजे, खेळातून, चित्रातून, दर आठवड्याला, आणि आईला आणा. मुलांचा समुपदेशक इथे नाही. पंधरा दिवसांनी या, तोवर बघू. दहा मिनिटं मिळाली असतील आम्हाला, मागे रांग तशीच होती.

आईला कुठून आणणार? त्या रात्री मी फोन लावला, नऊला बंद, दहाला बंद. पहाटे पावणेतीनला तिचाच आला, ट्रक भरायला उठले होते सगळे, मागे माणसांचा आरडाओरडा. मी सांगत होते आणि ती नुसतं "हां बाई, हां बाई" करत होती आणि मग म्हणाली, मुकादमाची उचल फिटल्याशिवाय कसं येऊ. उचल म्हणजे मुकादमाने, मजूर नेणाऱ्या ठेकेदाराने, हंगामाआधी दिलेले आगाऊ पैसे. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी, एक जण निघाला की कोयता मोडला.

पंधरा दिवसांनी आज्जी आली नाही. तिने त्याला शेजारच्या वाडीतल्या देवऋषीकडे नेलं होतं, बाहेरचं झालंय म्हणून. मला खूप राग आला होता तेव्हा. पण नंतर विचार केला तर तो देवऋषी संध्याकाळी असतो, चालत जाता येतं, रोज बुडत नाही, आणि तो त्या पोराचा हात हातात घेऊन अर्धा तास बसतो. अंगाऱ्याने काही होणार नाही हे मला माहितीये, पण आज्जीला जे परवडतं ते तिने केलं. पहिली खेप कसंही करून होते हो, कोणी ना कोणी सोबत येतं, उसने पैसे मिळतात. दुसरी, तिसरी, आठवी खेप कोण मारणार? आणि मनाचा उपचार तर सगळा त्या पुढच्या खेपांमध्येच असतो.

माझी बहीण पुण्यात असते. तिची मुलगी शाळा बदलल्यावर रडायची, पोटात दुखतंय म्हणायची. शाळेतल्याच काउन्सेलरने नंबर दिला, आठवड्याच्या आत अपॉइंटमेंट, दर शनिवारी सेशन, तीन महिने. भाची आता मस्त आहे आणि मला त्याचा आनंदच आहे. पण तिला मिळालं ते ह्याला का नाही, हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

मी कायदा शोधून वाचला. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चा, २०१८ च्या मेमध्ये लागू झाला. त्यात सरळ लिहिलंय की लहान मुलांसह कोणालाही उपचारासाठी लांबचा प्रवास करायला लागू नये, सेवा राहत्या ठिकाणाजवळ मिळायला हव्यात. २०२५ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा. खूप चांगला निर्णय आहे. पण आमचा पट ३४. छोट्या शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रेफरलची, म्हणजे मुलाला त्यांच्याकडे पाठवायची, व्यवस्था करायची. मग तज्ज्ञ कुठला, तर पुन्हा तोच जिल्ह्याचा दवाखाना, तीच सव्वासहाची गाडी. डोंगरातल्या शाळा छोट्याच असणार ना, वस्त्याच छोट्या आहेत! आमच्या केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, आठ-दहा शाळांना मिळून एक माणूस द्या, महिन्यातून दोनदा येऊ दे, आम्ही वर्ग रिकामा करून देतो.

१४४१६ ला पण फोन केला होता मी, टेली मानस, २०२२ पासून आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मला त्याचा उपयोग झाला, काय करू नये ते कळलं, सारखं "बोल बोल" म्हणून मागे लागू नये वगैरे. पण न बोलणाऱ्या मुलाला फोनवर कसं देणार.

दुसऱ्या खेपेला शेवटी मी किरकोळ रजा टाकून गेले. तिसरी जमली नाही. एप्रिलमध्ये आई आली, मग ती दोनदा घेऊन गेली, आणि मे महिन्यात एका दुपारी त्याने तिला पाणी मागितलं. तिने तेवढं सांगायला भर उन्हात माझ्या घरापर्यंत चालत येऊन दारात बसून रडून घेतलं.

आता बोलतो तो, थोडं, कानाजवळ येऊन. ट्रॅक्टरला अजून घाबरतो. आणि मुकादम परवा गावात येऊन गेला, उचल दिली, दसरा झालाय, दिवाळीनंतर गाड्या निघतील. आई म्हणतेय ह्याला सोबत नेते, मी म्हणतेय नको, त्या फडावर तर अजिबात नको, आणि इथे ठेवला तर ती नाही. दोघींनाही उत्तर सापडत नाहीये.

केस पेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या कपाटात ठेवलाय, आज्जीकडे भिजतो. पुढची तारीख गुरुवारची आहे. आज्जीला सांगून ठेवलंय, मी सहाला फाट्यावर असेन.