शाईची सोय

परवा बऱ्याच वर्षांनी शाईचं पेन भरलं आणि व्हायचं तेच झालं, तिन्ही बोटं निळी. आई असती तर म्हणाली असती, "पेन भरतोयस की रंगपंचमी खेळतोयस?"

आजोबांच्या लहानपणी शाई घरीच व्हायची. हिरडे कुटायचे, लोखंडी कढईत उकळायचे, वर चार गंजके खिळे टाकायचे, की शाई काळीभोर. ते हे एखाद्या आमटीची कृती सांगावी तसं सांगायचे.

घरगुती शाई म्हटली की मला हटकून आठवतात ते नायजेरियाचे नाटककार आणि दिग्दर्शक वोले सोयिंका. १९६७ साली तिकडे यादवी पेटली. लढाई थांबावी म्हणून हे गृहस्थ थेट फुटून निघालेल्या बियाफ्रा प्रांताच्या नेत्याला भेटून आले, आणि लष्करी सरकारनं त्यांना उचललं. खटला नाही, शिक्षा नाही. नुसताच सुमारे दोन वर्षांचा तुरुंग, त्यातला बराचसा एकांतकोठडीत. लिहायला कागद नाही. मग टॉयलेट पेपर, सिगारेटची पाकिटं, लपवून मिळवलेल्या पुस्तकांतल्या दोन ओळींमधली जागा, मिळेल तिथे लिहिणं सुरू. शाई स्वतःच तयार केली आणि तिला आपल्याच नावावरून नाव दिलं, 'सोय-इंक'. इंग्रजीत ही कोटी ठीकच आहे. खरी खुलते ती मराठीत!

माणूस मुळातच अडचणीचा. १९६० साली देश स्वतंत्र झाला, त्या सोहळ्यासाठी यांनी नाटक बसवलं, 'अ डान्स ऑफ द फॉरेस्ट्स'. उत्सवाला थोर पूर्वज बोलवा म्हणावं, तर रंगमंचावर येतात पूर्वजांनीच छळलेले दोन मृतात्मे. लग्नघरी जाऊन आहेराऐवजी जुनी उधारी काढावी, तसं. पुढे १९६५ साली पश्चिम प्रांताच्या निवडणुकीत उघड गैरप्रकार झाले, तेव्हा इबादानच्या रेडिओ केंद्रात पिस्तूल रोखून त्यांनी प्रीमियरच्या, म्हणजे प्रांताच्या मुख्यमंत्र्याच्या, विजयी भाषणाची टेप बदलायला लावली आणि आपली वाजवली. खटल्यातून सुटले. हा पिस्तूलवाला सोयिंका मला जरा जडच जातो. कोठडीत शाई करत बसलेला जास्त जवळचा वाटतो. (मतदानाची न पुसणारी शाई आपल्या म्हैसूरहून आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत जाते. बोटावर ती लागली तरी पेटीत काय होईल, हे शाईच्या हातात नसतं.)

१९८६ साली नोबेल मिळालं, आफ्रिकेतल्या लेखकाला साहित्याचं पहिलंच. त्यानं सुखाचे दिवस यावेत? १९९४ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, हुकूमशहाच्या तावडीतून सुटण्यासाठी मोटारसायकलवरून सीमा ओलांडावी लागली.

आणि माझं भरलेलं पेन? त्यानं मी वाण्याची यादी लिहिली. तिसऱ्या ओळीवर शाई फुटली. वाण्यानं कागद उजेडात धरला, उलटा करून पाहिला आणि विचारलं, "भाऊ, हे साबण आहे की साबुदाणा?"