शोकेसमधली राणी

अँथुरियम म्हटलं की रिसेप्शनच्या पुष्पगुच्छातलं ते प्लास्टिकसारखं चकचकीत लाल फूल आठवतं. खरं तर ते लाल म्हणजे फूल नव्हेच, रंगीत पान आहे. खरी फुलं मधल्या दांड्यावर खेटून बसलेली असतात, इतकी बारकी की कुणी विचारत नाही. पण याच अँथुरियममध्ये काही जाती अशा आहेत की फुलाकडे ढुंकून बघू नये आणि पानावरून नजर हलू नये. माझ्याकडे आहे ती त्यातली राणी, अँथुरियम वॉरोकेअनम. हौशी मंडळी नुसतं ‘क्वीन’ म्हणतात.

पान लांब, निमुळतं, खाली लोंबणारं. गर्द हिरवी मखमल आणि त्यावर फिक्या चंदेरी शिरा. मूळ गाव कोलंबिया. तिथल्या दमट रानात ती झाडांच्या खोडांना धरून वाढते आणि पान मीटरभराहून लांब होतं. माझ्याकडचं हातभर झालं तरी मी फोटो काढत सुटते. मखमल नुसती शोभेची नाही बरं का. पानाच्या वरच्या थरातल्या पेशी सपाट नसतात, घुमटासारख्या फुगीर असतात. दाट रानाच्या तळाशी झिरपणारा तुटपुंजा उजेड त्या एकवटून आतल्या हरितद्रव्यावर टाकतात. म्हणजे पानभर भिंगंच भिंगं. अशा पानाला आपल्या वैशाखातलं थेट ऊन दाखवलं तर काय होणार, हे वेगळं सांगायला नको.

टॉमस मूर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने 1878 साली हिचं बारसं केलं आणि नाव दिलं वारोके नावाच्या बेल्जियन उद्योगपतीचं. घराणं कोळशाच्या खाणींवर गबर झालेलं. मला हे फार चपखल वाटतं. युरोपातल्या हिवाळ्यात काचघर उबदार ठेवायचं तर कोळसा जाळायला हवा; तेव्हा गरम देशातलं झाड पाळावं ते खाणमालकानेच.

पुण्यात उलटं आहे. ऊब फुकट मिळते, ओल विकत घ्यावी लागते. एप्रिलच्या दुपारी इथल्या हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. क्वीनला लागते सत्तर-ऐंशी. तेवढी नसली की कोवळं पान उलगडता उलगडता अडकतं, फाटतं, कडा करपतात. कुंडीत कितीही पाणी ओता, उपयोग शून्य. उलट मुळं सडतात. या झाडाची काळजी घ्यायची म्हणजे झाडाला हात न लावता त्याच्या भोवतालच्या हवेची काळजी घ्यायची, हे एकदा कळलं की निम्मं काम झालं. मग घरात फिरताना आपण खोल्या मोजत नाही, हवा मोजतो. बाथरूमच्या खिडकीत बासष्ट, हॉलमध्ये पंखा लागला की तीस, आणि एसी असलेल्या खोलीचं तर नावच नको.

शेवटी हॉलमधली शोकेस कामी आली. मराठी घरातली शोकेस रिकामी करायला घेणं हे धाडसच. सावंतवाडीची लाकडी फळं, कुणाच्या बारशातली काचेची बदकं, नवऱ्याचा शाळेतला वक्तृत्वाचा करंडक, सगळं माळ्यावर गेलं. करंडकाची वाटाघाट बरीच लांबली. आत एलईडीची नळी, कंप्युटरमधून काढलेला छोटा पंखा आणि पाण्याचा ट्रे. पंखा हवाच, कोंडलेल्या दमट हवेत बुरशी धरते. काच सरकवली की आत बारा महिने श्रावण.

कुंडीत माती नाही. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळसा, पर्लाइटचे हलके पांढरे खडे आणि थोडं मॉस, म्हणजे शेवाळ. मुळांना ओल हवी आणि वाराही हवा. खत अगदी पातळ करून. फुलकिडे मात्र शोकेसमध्येही येतात, कुठून येतात देव जाणे. पानाच्या मागची बाजू बॅटरीने बघायची सवय लागते.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी काच सरकवून देठ बघितला, पान उलटं करून शिरा बघितल्या आणि म्हणाल्या, “अगं, हे अळूच्याच घरातलं दिसतंय. खाजतं का?”

खाजतं. अळू, सुरण, मनीप्लांट आणि ही राणी सगळी एकाच कुळातली, आणि या कुळाच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळूला आपण चिंच घालून शिजवतो. हिला कोण शिजवणार? मी किंमत सांगितल्यावर सासूबाईंनी काच परत लावली.

किमतीचं म्हणाल तर करोनाच्या काळात जगालाच खूळ लागलं होतं. 2021 मध्ये न्यूझीलंडमध्ये पांढऱ्या छटेची नऊ पानं असलेलं ऱ्हाफिडोफोरा या शोभेच्या वेलीचं एक रोप लिलावात 27,100 न्यूझीलंड डॉलरना गेलं. पुढे टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून वाढवलेली, रोपं आली आणि कित्येक ‘दुर्मीळ’ झाडांचे भाव उतरले. मला तर बरंच वाटलं. भाव उतरल्याने मखमल विटत नाही, आणि कोलंबियातल्या रानातून झाड उपटून आणण्याचा मोहही कमी होतो.

आता तिला दांडा आलाय. या फुलांत आधी मादीपण येतं. दांड्यावर चिकट थेंब दिसतात, ते सुकल्यावर मग पराग. त्यामुळे एकाच दांड्याचं स्वतःशी सहसा जमत नाही. कोल्हापुरातल्या एका हौशी बाईंच्या क्वीनने आधीच पराग दिला होता, तो त्यांनी चिमुकल्या डबीत घालून पाठवला आहे. डबी फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी. सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी “बी धरायचंय” एवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग लेबल लाव त्यावर, नाहीतर उद्या कुणीतरी खिरीत घालेल केशर म्हणून.”