कापलेल्या जाळ्याचे पैसे

होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या की माझं कपाट उघडण्याचे दिवस येतात. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस समुद्र बंद. बंदरावर माणूस दिसत नाही, सोसायटीच्या पत्र्यावर पाऊस वाजत असतो, आणि मी वर्षभराच्या फाइली जमिनीवर पसरून बसते. मालवण तालुक्यातल्या एका लहान बंदरावर मच्छीमार सोसायटीत मी बावीस वर्षं कारकुनी करते आहे. सरकारी पैसा मच्छीमारापर्यंत कसा येतो, कुठे अडतो आणि कुठे येतच नाही, ते सगळं या कागदांतून माझ्या हाताखालून गेलं आहे.

कपाटात दोन खण आहेत. वरचा डिझेल परताव्याचा. तो इतका भरलेला आहे की दार नीट लागत नाही. यांत्रिक नौकांनी घेतलेल्या डिझेलवरचा विक्रीकर राज्य सरकार परत करतं, तो सोसायटीमार्फत येतो. बिलं, कोटा, नौकेचा परवाना, प्रत्येक महिन्याचा वेगळा गठ्ठा. खालच्या खणात एकच पातळ फाइल आहे. तिच्यावर मी माझ्या अक्षरात लिहिलंय, ‘जाळी नुकसानभरपाई’. आज मला त्या पातळ फाइलीबद्दल लिहायचं आहे.

डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्राने एक योजना काढली. मासेमारी करताना जाळ्यात कासव, व्हेल शार्क, डॉल्फिन असा कायद्याने संरक्षित प्राणी अडकला आणि त्याला सोडवायला जाळं कापावं लागलं, तर त्या जाळ्याची भरपाई सरकार देईल, जास्तीत जास्त २५ हजार रुपये. मत्स्यव्यवसाय विभाग आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष यांनी मिळून ती आखली. पहिल्या तीनेक वर्षांतच किनाऱ्यावर दोनशेच्या वर प्राणी असे सुटले. त्यांत कासवं सर्वांत जास्त.

गेल्या डिसेंबरात आमच्या वाडीतले एक काका माझ्याकडे फोन घेऊन आले. काका माझे सख्खे नव्हेत, पण लहानपणापासून मी त्यांना काकाच म्हणते. सुरमईचं जाळं घालायला रात्री गेले होते, बरोबर दोन खलाशी. पहाटे ओढायला घेतलं तर जाळं जड. आधी वाटलं, चांगलं म्हावरं लागलं. मग वर आलं ते कासव.

त्या व्हिडिओत पहिले काही सेकंद नुसतं आभाळ आणि होडीची फळी दिसते. काकांचा आवाज येतो, “धर, धर. तेचा तोंड पाण्यात जावक देव नको.” मग कासव दिसतं. ऑलिव्ह रिडले जातीचं, पाठीवर दोन ठिकाणी खडपी चिकटलेली. पुढच्या दोन्ही वल्ह्यांसारख्या पायांना तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा दोरा, गुंडाळलेला, आणि एक फास थेट मानेखाली. काकांनी कोयता त्या फासाखाली उलटा घातला, धार बाहेरच्या बाजूला ठेवून. तंगूस तुटताना बारीक चर्र असा आवाज येतो, तो व्हिडिओत स्पष्ट ऐकू येतो. पाच-सहा वेळा तो आवाज आला. नंतर दोघांनी कासवाला काठावरून हळूच कलतं केलं आणि ते गेलं. कासव हवेत श्वास घेतं. जाळ्यात पाण्याखाली राहिलं तर बुडून मरतं, म्हणून गुंता सोडवत बसायला वेळ नसतो, कापावंच लागतं.

व्हिडिओच्या शेवटी एक खलाशी फाटलेलं जाळं दोन्ही हातांनी उंच धरून उभा आहे, आणि भोकातून पलीकडचं उजाडलेलं आभाळ दिसतं आहे. हे मी त्यांना शिकवलेलं. भोकाचा फोटो काढताना शेजारी माणूस उभा करा, म्हणजे केवढं गेलं ते टेबलामागे बसलेल्या साहेबाला कळेल. काका म्हणाले, “फोटो काढूक हात खय होते गो? तेका सोडल्यार मगे आठवला, तू सांगललंय ता.”

अर्ज मी लगेच भरला. फोटो, व्हिडिओ, नौकेची नोंदणी, परवाना, पासबुकाची प्रत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका कार्यालयातून कागद एकदा परत आला, परवान्याच्या नूतनीकरणाची पावती नाही म्हणून. पावती दिली. मग फोटोवर तारीख दिसत नाही म्हणून परत आला. तारीख दिसेल अशी प्रत काढून दिली. पैसे मंजूर झाले १८ हजार. खात्यात जमा झाले ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, बंदी लागल्यावर.

मधल्या सहा महिन्यांत काय झालं ते या फाइलीत कुठे लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. डिसेंबर हा सुरमईच्या जाळ्याचा धंद्याचा महिना. फाटकं जाळं घेऊन माणूस घरी बसू शकत नाही. काकांनी मासे घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली, नवीन तंगूस आणला, जाळं जोडलं आणि चौथ्या रात्री पुन्हा गेले. व्यापाऱ्याने व्याज लावलं नाही. लावायची गरजच नसते. ज्याच्याकडून उचल घेतली त्यालाच सगळा मासा घालायचा आणि तो सांगेल तो भाव घ्यायचा, एवढंच. लिलावात ठेवलेल्या सुरमईला जास्त भाव मिळाला असता, पण काकांची सुरमई लिलावात गेलीच नाही. मी विचारलं तर म्हणाले, “आता वर्षभर तेकाच म्हावरा घालूक होया.” किलोमागे गेलेले पैसे मी एका संध्याकाळी त्यांच्याबरोबर बसून जानेवारी ते मे असे मोजले. १८ हजारांच्या पुढे गेले.

म्हणजे सरकारने पैसे दिले, कासव वाचलं, आणि तरी काका तोट्यात गेले. यात योजनेची कल्पना चुकलेली नाही, उशिराने घात केला. भरपाईतला निम्मा भाग आठ दिवसांत मिळाला असता, बाकीचा पडताळणीनंतर सावकाश आला असता, तरी काकांनी उचल घेतली नसती. सोसायटीकडे थोडा निधी आगाऊ ठेवून दिला तर आम्ही तो दुसऱ्या दिवशी देऊ शकतो. माणूस आम्ही ओळखतो, जाळं ओळखतो, भोक डोळ्यांनी बघतो. ही मागणी मी लेखी केली आहे आणि पुन्हा करणार आहे. शिवाय २०१८ साली ठरलेला आकडा जाळ्यांच्या भावाबरोबर दरवर्षी हलायला हवा. तंगूस तेव्हाच्या भावात आज कुठल्याच दुकानात मिळत नाही.

एवढं असूनही मला ही योजना सर्वांत शहाणी वाटते, आणि त्याचं कारण वरच्या खणात आहे.

आपल्याकडे मासेमारीवरचा सरकारी पैसा पिढ्यान्‌पिढ्या जास्त पकडण्यासाठी दिला गेला. एनसीडीसीची, म्हणजे राष्ट्रीय सहकार विकास निगमाची, कर्जं घेऊन सोसायट्यांनी यांत्रिक नौका बांधल्या, इंजिनं मोठी झाली, जाळी लांब झाली. त्या काळी ते चूक नव्हतं. माझे वडील सांगायचे, शीड आणि वल्ह्यावर जाणाऱ्या माणसाला इंजिन म्हणजे काय वाटलं होतं ते. पण डिझेलचा परतावा डिझेल जाळण्यावर मिळतो. जो जास्त जाळतो त्याला जास्त. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे वाडीतले तीस-चाळीस गडी पहाटे दोर खांद्यावर घेऊन वाळूत मागे मागे चालतात, तारली-बांगडा किनाऱ्याला आला तर वाटे पडतात, नाहीतर रिकाम्या हाताने घरी. त्यांचं त्या जाड फाइलीत नाव नाही. मागे लहान मशीन लावून जाणाऱ्या पातीचं, म्हणजे छोट्या होडीचंही नाही. परतावा बंद करा असं मी म्हणत नाही. आमच्याकडचे कितीतरी लहान ट्रॉलरवाले, म्हणजे बोटीमागे पिशवीसारखं जाळं ओढणारे, त्याच्याशिवाय उभे राहणार नाहीत, आणि तो थकला की त्यांची माझ्यासमोरची खुर्ची रोज भरलेली असते. मात्र दोन खणांच्या जाडीत एवढा फरक का, हे मला दर पावसाळ्यात खुपतं.

जिनेव्हामध्ये जून २०२२ ला जागतिक व्यापार संघटनेत मासेमारी अनुदानांवर करार झाला. बेकायदा मासेमारीला आणि संपत आलेल्या माशांच्या साठ्यांवरच्या मासेमारीला सरकारी पैसा देऊ नये, असा त्याचा गाभा. भारताने आपल्या लहान मच्छीमारांसाठी २५ वर्षांची मुभा मागितली आहे. मला ती मागणी रास्त वाटते. खोल समुद्रात कारखान्याएवढी जहाजं धाडून ज्यांनी समुद्र उपसला, त्यांना आणि आमच्या पातीला एक तराजू कसा लावणार? पण त्या २५ वर्षांत आपण पैसा कशावर घालणार, हे आपणच ठरवायचं आहे ना.

एक जुनं उदाहरण आहे, ते मी प्रत्येक बैठकीत सांगते. सिंधुदुर्गात यूएनडीपी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम, आणि जागतिक पर्यावरण निधीच्या मदतीने सरकारने एक प्रकल्प राबवला होता. त्यात ट्रॉलरवाल्यांना चौकोनी आसाची, म्हणजे चौकोनी भोकांची, जाळी दिली गेली, ४० मिलिमीटरची. नेहमीच्या ट्रॉल जाळ्याचा आस शंकरपाळीसारखा असतो. बोटीने ताण दिला की तो आवळतो आणि बोटाएवढं पिल्लूही मागच्या पिशवीत अडकतं. चौकोनी आस ताणाखाली उघडाच राहतो. पिल्लं निसटतात, पाणीही निसटतं, त्यामुळे जाळं ओढायला हलकं पडतं आणि डिझेल वाचतं. आमच्या बंदरावरच्या एका तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य माणसाने, तेव्हा मला येऊन सांगितलं होतं, “बाय, मशीन कमी रडता.” एकदा दिलेल्या जाळ्याने डिझेलही वाचवलं आणि समुद्रातली पिल्लंही. परताव्याच्या पैशातला लहानसा वाटा दरवर्षी अशा जाळ्यांकडे वळवला तर कोणाचं पोट मारलं जाणार नाही.

मत्स्यशेतीचं सांगायचं तर माझी वहिनी खाडीत कालवं वाढवते. दहा जणींचा गट आहे. कांदळवन संरक्षण आणि उपजीविका निर्मितीची राज्याची योजना २०१७ ला आली, तिच्यात गटाला ९० टक्के अनुदान आहे, एकट्याला ७५ टक्के. बांबूचा तराफा, त्याला खाली सोडलेल्या शिंपल्यांच्या माळा, बस्स. कालवांना खाऊ घालावं लागत नाही. ती खाडीचं पाणी गाळून त्यातलंच खातात. शेजारच्या गटाने त्याच योजनेतून कुर्ल्या, म्हणजे खेकडे, वाढवायला घेतल्या. कुर्लीला भाव जबरदस्त, पण पिल्लं तमिळनाडूच्या उबवणी केंद्रातून यायची, वाटेत काही मरायची, आणि जगली त्यांना रोज बारीक मासळी घालायची. ती बारीक मासळी कुठली? ट्रॉलरच्या पिशवीत आलेली पिल्लंच. एका बाजूने पिल्लं वाचवायला जाळं द्यायचं आणि दुसऱ्या बाजूने तीच पिल्लं कुर्लीला घालायला अनुदान द्यायचं, हे मला पटत नाही. दोन्ही अर्जांवर ‘शाश्वत’ हा शब्द मीच लिहिला होता, तेव्हा हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. आता कोणी अर्ज घेऊन आलं की मी आधी विचारते, खायला काय घालणार?

केंद्राची मत्स्य संपदा योजना २०२० ला आली, २०,०५० कोटींची. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. आकडा मोठा आहे आणि कामंही होतात. पण आधी स्वतः खर्च करायचा आणि मग अनुदान घ्यायचं, या क्रमामुळे माझ्याकडचे निम्मे लोक फॉर्म वाचून घडी घालून परत देतात. बंदीच्या काळातल्या मदतीचंही तिच्यात कलम आहे, तीन महिन्यांचे ४,५०० रुपये. त्यातले १,५०० मच्छीमाराने स्वतः आधी भरलेले. समुद्राला दोन महिने विसावा देणारा माणूस हाच, आणि त्याच्या घरात महिन्याला दीड हजार. पर्ससीनवर, म्हणजे माशांचा अख्खा थवा वेढून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने बंधनं आली, उजेडाने मासे गोळा करणाऱ्या एलईडी दिव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, ती आमच्याच लोकांनी रस्त्यावर उतरून मिळवली. रात्री क्षितिजावर अजूनही उजेड दिसतो तेव्हा गस्तीला जाणारी बोट हवी असते. तिच्या इंधनाचा पैसासुद्धा माझ्या हिशेबी मच्छीमारांनाच दिलेला पैसा आहे.

काका काल आले होते. पासबुक भरून आणलं होतं, त्यातली ती ओळ मला दाखवायला. अठरा हजारांतून व्यापाऱ्याची उचल फेडायची म्हणाले, म्हणजे १ ऑगस्टला मोकळ्या हाताने समुद्रात जाता येईल. मग विचारलं, “गुहागरसून सोडलला ता कासव, पाठीर मशीन लावलला, ता खय पोचला?” २०२३ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावरून उपग्रह टॅग लावून सोडलेली बागेश्री, तिच्याबद्दल विचारत होते. कन्याकुमारीला वळसा घालून श्रीलंकेच्या बाजूला बंगालच्या उपसागरात गेली, म्हटलं. काका थोडा वेळ गप्प बसले. “इतक्या लांब,” म्हणाले, “आणि वाटेत सगळीकडे जाळी.”

सोसायटीने यंदा फोनसाठी पाणी न शिरणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणल्यात, प्रत्येक होडीला एक. आत मी एक कागद घालते आहे: तारीख चालू करा, कासवाचा फोटो, कापतानाचा व्हिडिओ, भोकाशेजारी माणूस. चाळीस कागद लिहून झाले, अठरा राहिलेत. उद्या पाऊस उघडला तर तालुक्याला जाऊन आगाऊ निधीच्या अर्जाचं काय झालं ते विचारून येईन.