झोळ

गोधडी शिवायला काय काय लागतं, असं हल्ली कुणी विचारलं तर यादी हातभर निघते. गोल पात्याचा कटर, त्याखाली घालायची चटई, पारदर्शक पट्टी, रंगीत चिमटे, पाण्याने पुसलं जाणारं पेन. माझ्या साताऱ्याच्या मावशीची यादी तीन शब्दांत आटोपते: सुई, दोरा, जमीन. "आणि मांडी घालून बसता आलं पाहिजे. ते तुम्हाला कुठं जमतंय!" हे शेपूट ती प्रत्येक वेळी जोडते. मला मात्र तिची हत्यारं आणि बाजारातली हत्यारं एकाच शत्रूवर रोखलेली दिसतात. तो शत्रू म्हणजे झोळ.

पाच-सहा थर एकावर एक ठेवले की प्रत्येकाला आपापली दिशा आठवते. वरचा पुढे सरकतो, मधला गोळा होतो, खालचा आहे तिथेच बसतो. टाके घालत निम्म्यात आल्यावर मधोमध पोट सुटलेलं दिसतं, आणि तोवर उसवायचा धीर संपलेला असतो. म्हणून गोधडीची खरी लढाई पहिला टाका घालण्याआधीच होते.

सुरुवात साडी निवडण्यापासून. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी घ्यावी. साडेपाच मीटरची साडी तिहेरी दुमडली की सहा फूट लांबी भरते, आणि पन्हा पावणेचार फुटांच्या आसपास असतोच. म्हणजे एका साडीत एका माणसाच्या गोधडीचे तीन थर निघाले. नऊवारी असेल तर चार. फॉल आणि जरीचा काठ आधी उसवून टाकावा, कारण तिथे सुई अडते आणि जर अंगाला टोचते. खळ असेल तर धुऊन काढावी. सिंथेटिक साडी कितीही सुंदर असली तरी आत घालू नये. ती निसरडी असते, घाम शोषत नाही, आणि झोळाची तर ती सख्खी बहीण. तिचा फारच मोह झाला तर वरून ठिगळ म्हणून लावावी, चारही कडा दुमडून.

मग अंथरणं. मावशीच्या माहेरी जमीन सारवलेली होती, कापड तिथे आपोआप चिकटून राहायचं. चार कोपऱ्यांवर दगड ठेवले की झालं. आमच्या फरशीवर साडी घसरगुंडी खेळते. यावर मला सापडलेला उत्तम उपाय म्हणजे रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी. सगळ्यात खालचा थर ताणून फरशीला चारी बाजूंनी चिकटवायचा, मग बाकीचे थर एकेक करून वर पसरायचे, आणि प्रत्येक थरावरून मधून कडेकडे हात फिरवायचा. मावशीने ही पट्टी पाहिली, नखाने सोलून बघितली, आणि जाताना एक रीळ मागून नेलं. तिच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

त्यानंतर कच्चे टाके. पंजा पसरून ठेवला की जेवढी जागा झाकली जाते, तेवढ्या अंतरावर लांब लांब टाके, किंवा सेफ्टी पिना. हे मधून सुरू करून बाहेर न्यायचे, म्हणजे हवा आणि सैल कापड कडेला निघून जातं. कंटाळवाणं काम आहे, पण इथे घालवलेली दुपार पुढे आठवडा वाचवते. पक्का धावदोरा मात्र आमच्याकडे कडेने सुरू होतो आणि चौकटीत चौकट करत आत येतो. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायका आपली कवंदी, म्हणजे त्यांची गोधडीसुद्धा अशीच कोपऱ्यातून सुरू करून फिरत फिरत मध्यावर आणतात. त्या वरचे तुकडेही शिवता शिवताच कडा दुमडून बसवतात आणि कोपऱ्यांना कापडाची फुलं लावतात. पाश्चात्त्य पुस्तकं सांगतात मधून बाहेर जा. मी दोन्हींत भांडण लावत नाही. कच्चे टाके नीट असतील तर कुठूनही या.

सुईबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. काहीजणी सरळ दाभण घेतात. दाभण पोत्यासाठी. मऊ झालेल्या लुगड्याला त्याने भोकं पडतात. लांब, मजबूत, मोठ्या नेढ्याची सुई बरी, म्हणजे चार-पाच टाके एकदम सुईवर घेऊन मग दोरा ओढता येतो. दोरा सुती, आणि लांबी हातभरच. जास्त घेतला की गुंतलाच. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला तर गाठी कमी पडतात. मधल्या बोटात अंगुस्तान हवंच. ते नको म्हणणाऱ्या बाईचं बोट दुसऱ्या दिवशी बघावं.

मशीनवर शिवणाऱ्यांची अडचण वेगळी. मशीनचे दात फक्त खालचं कापड पुढे ओढतात, वरचं मागे राहतं, आणि झोळ आलाच. वरचं कापडही सोबत चालवणारा जाड पाय मिळतो, त्याला वॉकिंग फूट म्हणतात. विकत घ्यायचंच असेल तर त्या सगळ्या यादीतून हा आधी घ्यावा. सोळा नंबरची सुई लावावी आणि टाका नेहमीपेक्षा लांब ठेवावा. कटर आणि चटई नसली तरी चालतं. जुनी साडी हाताने फाडली तर धाग्याच्या सरळ रेषेतच फाटते, कुठलीही पट्टी इतकी सरळ नसते.

परवा मावशीला मोबाईलवर अमेरिकेतल्या क्विल्टचे फोटो दाखवले. तिथे बऱ्याचजणी मधला कापूस न धुता घालतात. शिवून झाल्यावर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि सगळीकडे बारीक सुरकुत्या उमटतात. त्या सुरकुत्यांसाठीच हा खटाटोप, त्यात त्यांना जुनेपणाची माया दिसते, हेही मी समजावून सांगितलं. मावशीने चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ पाहिला.

"रंग छान जमवलेत," ती म्हणाली. "पण बिचारीला कच्चे टाके घालायला कुणी शिकवलं नाही का गं?"